दुखत तर नाही ना!

मावशीचा दात हलायला लागला तो आंब्याच्या दिवसांत. वरचा, डावीकडचा, सुळ्याच्या मागचा. "कोय चोखताना लक्षात आलं," असं ती बोलून गेली आणि लगेच गप्प झाली, कारण आंबा तिने खायचाच नव्हता. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मिरजेला तिच्याकडे गेलं की पहिल्याच दिवशी भांडण नको असतं. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन दातांच्या डॉक्टरांकडे गेले. लवंगेच्या तेलाचा तो वास, खुर्चीचं गार रेक्झिन, आतल्या खोलीतून येणारी ड्रिलची घरघर. डॉक्टर तरुण होते. त्यांनी हातमोजा घातलेल्या बोटाने हिरडी दाबली तर दाताच्या मुळाशी पुवाचा पिवळट थेंब वर आला. "काकू, दुखतंय का?" "छे, अजिबात नाही. नुसता हलतोय." हे सांगताना मावशीच्या आवाजात चक्क अभिमान होता. डॉक्टरांना मात्र या उत्तराचा आनंद झालेला दिसला नाही. त्यांनी फाइल मागितली, एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीचा आकडा बघितला, १०.४, आणि चष्मा वर करून म्हणाले, "शुगर खाली आणून या, मग दात काढू. आत्ता काढला तर जखम भरायला त्रास देईल, आतून पसरूही शकतं." अँटिबायोटिक दिलं, गुळण्यांचं औषध दिलं आणि तिच्या नेहमीच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहिली.

रिक्षात मावशी गाल फुगवून बसली होती. स्टेशन रोड मागे पडल्यावर म्हणाली, "दात काढायला गेले होते मी. लाडू खायला नव्हे."

मला हसू आलं, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. वीसेक वर्षं मधुमेह असलेली ही बाई. गोळ्यांची नावं, त्यांच्या वेळा, उपाशीपोटीचा आकडा आणि जेवणानंतरचा आकडा हे सगळं तिला पाठ आहे. तरीही तिच्या लेखी साखरेचा संबंध लाडवाशी, फार तर भाताशी. दाताशी कसा असेल? आणि खरं सांगायचं तर तिला तसं वाटावं अशीच सगळी रचना आम्ही घरच्यांनी करून ठेवली आहे.

आमच्या घराण्यात साखर हा स्वयंपाकघरातला विषय आहे. बिनसाखरेचा चहा ओळखू यावा म्हणून वेगळ्या नक्षीचे कप आहेत. होळीला पुरणपोळी अर्धी की पाव यावर घासाघीस होते. लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की चार जणी एकदम ओरडतात, "त्यांना नको, त्यांना शुगर आहे!" आणि पाचवी हळूच म्हणते, "एकाने काय होतंय?" मग गूळ चालतो का, मध चालतो का, कारल्याचा रस, मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड. कुणाच्या दिरानं नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर शुगर कशी पळवून लावली त्याची कथा. बोलण्यात एक प्रकारची पोलीसगिरी असते आणि तिच्यात थोडा आनंदही असतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. ज्याला मधुमेह झाला त्याने काहीतरी जास्त खाल्लं असणार आणि आता त्याने शिक्षा भोगावी, असा न बोललेला हिशेब. २०२३ साली आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे आकडे आले तेव्हा देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर, असं निघालं. म्हणजे वेगळ्या नक्षीचे कप घरोघरी असणार. पण इतक्या वर्षांत, इतक्या गप्पांत, आमच्याकडे कुणी मावशीला "तुझ्या हिरड्या कशा आहेत?" असं विचारलेलं मला आठवत नाही.

आणि असं नाही की घरात कुणी काही पाहिलंच नव्हतं. माझे आजोबा, म्हणजे मावशीचे वडील, रेल्वेत होते. त्यांनाही हाच आजार. त्या काळी बोटाला सुई टोचून आकडा सांगणारं यंत्र घरात नव्हतं. सकाळी मोरीशेजारच्या कट्ट्यावर स्पिरिटचा दिवा पेटायचा. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण, त्यात ड्रॉपरने मोजून लघवीचे आठ थेंब, लाकडी चिमट्यात धरून नळी ज्योतीवर फिरवायची. उकळी आली की रंग पालटायचा. निळाच राहिला तर उत्तम. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे जरा जपून, आणि विटकरी लाल झाला की आजी काही न बोलता भाकरीच्या टोपल्यावर झाकण ठेवायची. आम्हा मुलांना ती रोजची जादू वाटे. तो वास मात्र अजून नाकात आहे, जळत्या स्पिरिटचा आणि उकळत्या लघवीचा एकत्र. त्यानंतर काचेची सिरिंज छोट्या पातेलीत उकळली जायची आणि आजोबा स्वतःच मांडीला इंजेक्शन टोचून घ्यायचे.

एका उन्हाळ्यात त्यांच्या मानेवर, सदऱ्याची कॉलर घासते तिथे, पुटकुळी आली. आजीने जवसाचं गरम पोटीस बांधलं. पुटकुळीचं गळू झालं, मग ते पसरत तळहाताएवढं झालं, आणि त्याला एकाऐवजी अनेक तोंडं फुटली. काळपुळी. डॉक्टरांनी ती चिरली. रोज ड्रेसिंग बदलताना लांबच लांब पिवळी पट्टी आतून निघत राहायची आणि आम्हाला अंगणात पिटाळलं जायचं. पावसाळा संपला तरी जखम भरत आली नव्हती. आजोबा वाचले, पण मानेवर कायमचा खड्डा राहिला. नवा सदरा शिवताना शिंप्याला कॉलर जरा उंच ठेवायला सांगायचे. त्यांचे वृद्ध डॉक्टर काळपुळी दिसली की आधी लघवी तपासायला लावत, साखर आहे हे माहीत असो वा नसो. रोग असा गळवातून सापडायचा. तपासणी साधी होती, पण साखर आणि पू यांचं नातं त्या पिढीला डोळ्यांनी दिसत होतं.

हे नातं तर त्याहून कितीतरी जुनं. सुश्रुतसंहितेत प्रमेहाच्या, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या लघवीच्या विकारांच्या, प्रकरणात प्रमेहपिडका सांगितल्या आहेत, म्हणजे प्रमेहाच्या रोग्याला होणारी गळवं. सुश्रुताने दहा प्रकार दिले, चरकाने सात. शराविका, कच्छपिका, जालिनी, विद्रधी, एकेकीचं वर्णन आकार आणि जागेसकट. ज्यांनी मुंग्या लागणारी लघवी पाहिली त्यांनीच ही न भरणारी गळवंही पाहिली, आणि दोन्ही लिहून ठेवली. आजाराची ही दुसरी बाजू आमच्या घरातून मधल्या मधे कुठे गेली, याचा मी विचार करते तेव्हा मला वाटतं की चांगली औषधं आली म्हणून ती गेली. अँटिबायोटिकं आली, साखरेच्या गोळ्या आल्या, काळपुळ्या क्वचित दिसू लागल्या. उरलं ते ताट.

माझी एक मैत्रीण पॅथॉलॉजी लॅब चालवते. मावशीच्या दाताचा किस्सा तिला सांगितला तर ती दात काढणाऱ्या डॉक्टरांवर खूश झाली. तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताची काच दाखवली. गुलाबीसर तांबड्या पेशींच्या गर्दीत मधेच जांभळ्या, तीन-चार पाकळ्यांचं केंद्रक असलेल्या पेशी. न्यूट्रोफिल. जंतू शिरला की पहिल्यांदा धावतात त्या या. प्रत्येक आरोग्य-पोस्टरवर यांना सैनिक केलेलं असतं, ढाल-तलवार देऊन. मैत्रिणीला ते चित्र आवडत नाही, कारण त्यात लोक फक्त संख्या मोजतात. "रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत म्हणून खूश होतात," ती म्हणाली. "संख्या नॉर्मलच असते गं. कामाचं काय?" साखर बराच काळ चढी राहिली की या पेशी जखमेकडे उशिरा पोहोचतात, जंतूला गिळायला वेळ लावतात, आणि गिळल्यावर त्याला मारण्यासाठी आत जी रसायनं बनायला हवीत ती कमी पडतात. पंगतीत बासुंदी-पुरी हाणून ओसरीवर आडव्या झालेल्या पाहुण्यांना कुणी "अहो, मागच्या दाराने चोर शिरला" म्हणावं आणि त्यांनी "हां हां, उठतो" म्हणत कूस बदलावी, तसं.

ज्या एचबीएवनसीच्या आकड्यावरून मावशीची रवानगी झाली, तो आकडा म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली त्याचं माप. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची नोंद सापडते. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून हा आकडा फसत नाही. मी आजवर त्याला फक्त प्रगतिपुस्तक समजत होते. पण साखर काही हिमोग्लोबिन निवडून त्यालाच चिकटत नाही. शरीरातल्या कितीतरी प्रथिनांना ती अशीच चिकटते, जंतूंना ओळखून धरणाऱ्या प्रथिनांनाही, आणि त्यांचं काम बिघडवते. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, जखमेपर्यंत रक्त कमी पोहोचतं. मग ज्या अँटिबायोटिकवर आपली सगळी भिस्त, तेही रक्तातूनच जाणार ना? रस्ताच अरुंद झाला तर गोळी कितीही महागाची असो. यातलं बरंचसं साखर ताब्यात आली की सुधारतं, आणि डॉक्टर "आधी शुगर, मग दात" म्हणाले ते यासाठी. गुडघा बदलायच्या ऑपरेशनआधी हाच आकडा बघून लोकांना परत पाठवतात तेही यासाठीच. मैत्रिणीने एक गोष्ट आणखी सांगितली, जी मला जास्त लागली. हिरडीत पू साचून राहिला तर त्याने साखर वाढते, आणि हिरड्यांवर नीट उपचार केले तर ती थोडी खाली येते. म्हणजे आम्ही मावशीच्या ताटातली पाव पोळी मोजत होतो तेव्हा साखर वाढवणारं एक कारण तिच्या तोंडातच बसलेलं होतं, आणि ते कुणाला दिसत नव्हतं.

मला हे ऐकून आधी राग आला, मग जरा हायसंही वाटलं. राग अर्थातच आमच्या सगळ्यांच्या उपदेशांचा. हायसं यासाठी, की वाढलेला प्रत्येक आकडा मावशीच्या जिभेचा गुन्हा नसतो.

त्या रात्री मला कॉलनीतले काका आठवले.

२०२१चा एप्रिल-मे कुणी विसरलेलं नाही, त्यामुळे तो पुन्हा सांगत नाही. काका कोविडमधून घरी आले तेव्हा आम्ही खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या होत्या. आठवड्याभरात त्यांची वरची दाढ दुखायला लागली. मग दात हलायला लागले, गाल बधिर झाला, एका डोळ्याखाली सूज आली, नाकातून काळपट पाणी. म्युकर. तोवर हा शब्द नाक-कान-घशाच्या डॉक्टरांखेरीज कुणाला ठाऊक नव्हता. मे संपेपर्यंत भाजीवालाही तो उच्चारत होता. २० मेच्या सुमाराला केंद्राने राज्यांना सांगून त्याची नोंद सक्तीची केली, आणि महाराष्ट्र सर्वांत जास्त रुग्ण असलेल्या राज्यांत होता. काकांच्या मुलाने अँफोटेरिसिन या म्युकरवरच्या औषधाच्या इंजेक्शनसाठी केलेले मेसेज माझ्या फोनमध्ये अजून आहेत: रुग्णाचं वय, हॉस्पिटल, रोज किती व्हायल लागतील, शेवटी "कृपया पुढे पाठवा".

काळी बुरशी म्हणतात तिला, पण बुरशी स्वतः काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत घुसून त्या बुजवते आणि रक्त न मिळालेला भाग मरून काळा पडतो. तिचे बीजाणू हवेत, मातीत, शिळ्या पावावर सगळीकडे असतात. ते आपण रोज श्वासातून घेतो आणि काही होत नाही, कारण नाकातच त्यांचा निकाल लागतो. साखर प्रचंड चढलेली असली की निकाल लावणाऱ्या पेशीच ढिल्या पडतात. शिवाय मधुमेह बिघडून रक्त आम्लधर्मी झालं तर रक्तातलं लोह, जे एरवी प्रथिनांना बांधलेलं असतं, ते मोकळं होतं. आणि या बुरशीला लोहाचीच भूक. त्यात त्या दिवसांत जीव वाचवण्यासाठी स्टेरॉइड दिली जात होती. ती गरजेची होती, पण साखर वाढवणं आणि प्रतिकार दाबणं हे दोन्ही ती करतात. काहींनी तर घरच्या घरी, कुणाच्या तरी चिठ्ठीचा फोटो बघून घेतली. काकांना मधुमेह आहे हेच मुळी हॉस्पिटलमध्ये कळलं.

त्यांच्या वरच्या जबड्याचा एक भाग काढावा लागला. डोळा वाचला. आता टाळूच्या जागी बसवायची एक प्लेट आहे, दातांसकट. ती काढली की प्यायलेलं पाणी नाकातून येतं आणि बोलणं नुसतं हवेचं होतं. काका मोठे विनोदी. "रात्री प्लेट काढून ठेवतो, म्हणजे बायकोशी भांडण होत नाही," असं सांगतात. लोक हसतात आणि मग कुठे बघावं ते त्यांना कळत नाही. मी त्यांना एकदा विचारलं होतं, पहिल्यांदा नेमकं काय जाणवलं? ते म्हणाले, "दाढ दुखली ती नंतर. आधी दाढी करताना गालाला ब्लेड लागलं आणि कळलंच नाही."

कळलंच नाही. मावशीच्या "नुसता हलतोय"ची भीती मला वाटते ती इथे. आमच्याकडे तब्येतीची सगळी परीक्षा एका प्रश्नात आटोपते: दुखत तर नाही ना? दुखत नसेल तर ठीक आहे, आणि दुखत असूनही बोलला नाहीत तर त्याहून ठीक. विशेषतः बायकांच्या बाबतीत. भाजलं, कापलं, हळद दाबली, कामाला लागली. अशा घरात मधुमेह आला की त्याचं फावतं, कारण तो नसाच बधिर करतो. मावशी एकदा चपलेतून वर आलेला खिळा टाचेत घेऊन गुरुवारचा सगळा बाजार फिरून आली होती. घरी येऊन चप्पल काढली तेव्हा ती पायाबरोबर वर आली, निघेचना. तोवर तिला काही जाणवलं नव्हतं. जखम लहान, ताप नाही, वेदना नाही. ती भरायला किती काळ गेला ते आठवलं तरी अंगावर काटा येतो.

यावर काम करणारा माणूस मुळात मधुमेहवाला नव्हताच. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले ते कुष्ठरोग्यांसाठी. कुष्ठरोगात बोटं झडतात असाच तेव्हा समज. ब्रँडनी दाखवलं की बोटं रोगाने आपोआप गळत नाहीत. नसा मेल्यामुळे चटका कळत नाही, खिळा कळत नाही, त्याच जागेवर माणूस चालत राहतो, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. वेदना नसणं हेच नुकसान. तळव्यावरचा दाब वाटून घेणारी मऊ रबराची चप्पल, जिला एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) म्हणतात, ती याच विचारातून रुजली, आणि पुढे अमेरिकेत कार्व्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर ब्रँडनी तीच दृष्टी मधुमेहींच्या पायांकडे वळवली. आज मधुमेहाच्या डॉक्टरांनी लिहून दिलेली चप्पल तिथूनच आलेली. मावशीने ती दुकानात बघितली, जाड, काळी, मागे पट्टा असलेली, आणि लख्ख आठवण होऊन म्हणाली, "ही तर महारोग्यांची चप्पल. आमच्या मिशनच्या दवाखान्याबाहेर बसायचे ना, त्यांच्या पायात असायची." दुकानदार कानकोंडा झाला. मला तिला रागवता येईना. तिची नजर बरोबर होती. जे जोडायला शास्त्राला वर्षं लागली ते तिने काउंटरवर उभ्या उभ्या जोडलं होतं. फक्त तिला ते अपमानाचं वाटलं.

काही गोष्टी तर बोलल्याच जात नाहीत. लघवीत साखर असली की खाज, पांढरं जाणं, बुरशी, जळजळ, पुन्हा पुन्हा. अलीकडे ज्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात त्या हृदयासाठी, किडनीसाठी चांगल्या ठरल्या आहेत, पण त्यांच्यामुळे हा त्रास वाढू शकतो, हे गोळी लिहून देताना आम्हाला तरी कुणी सांगितलं नाही. मावशीला नवी गोळी सुरू झाल्यावर ती कित्येक दिवस नुसती अस्वस्थ होती. शेवटी स्वयंपाकघरात, कुकरची शिट्टी होत असताना, म्हणजे मामांना ऐकू जाणार नाही अशा बेताने, तिने मला सांगितलं. तोवर शेजारणीने दिलेलं कसलंतरी मलम लावून झालं होतं. मधुमेही बाईला तिच्या डॉक्टरांनी हा प्रश्न स्वतःहून विचारावा, तिने सांगायची वाट बघू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ती सांगणार नाही.

आणि आजारपणात आमच्याकडे हमखास होणारा घोळ म्हणजे, "ताप आहे, काही खाल्लं नाहीये, मग आज इन्सुलिन नको." ऐकायला किती सरळ वाटतं! पण शरीर जंतूंशी झुंजत असताना ताणाची संप्रेरकं साखर वर ढकलतात, पोटात अन्न असो वा नसो. ज्या दिवशी पेज घशाखाली उतरत नाही त्याच दिवशी आकडा तीनशेच्या पुढे जातो, आणि चढलेली साखर पुन्हा जंतूंच्या पथ्यावर पडते. इन्सुलिन मनाने बंद करायचं नाही, मोजायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा, हे आता मावशीच्या फ्रिजवर माझ्या अक्षरात चिकटवलेलं आहे. शेजारी फ्लूच्या वार्षिक लशीची तारीख आहे आणि न्यूमोनियाच्या लशीची. खोकला दोन आठवड्यांच्या वर टिकला तर थुंकी तपासायची, हेही लिहिलंय. मधुमेहींना क्षयाचा धोका दुप्पट-तिप्पट असतो, म्हणून आता सरकारी कार्यक्रमात क्षयाच्या रुग्णाची साखर तपासतात. ती ओळ मामांनी वाचली आणि दुसऱ्या दिवशी कागदावर मॅग्नेटचं फुलपाखरू आणून लावलं, नेमकं त्या ओळीवर. पाहुण्यांना दिसू नये म्हणून.

सगळ्यात अवघड गेलं ते पाय बघणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज रात्री तळवे बघा, बोटांच्या बेचक्या बघा, भेगा बघा. त्यांना वाकवत नसेल तर घरच्यांनी बघा. मी मावशीच्या पाया किती वेळा पडले असेन? पाडव्याला, संक्रांतीला, परीक्षेला जाताना, निघताना, येताना. पण पाय मी कधी पाहिले नव्हते. पाया पडताना आपण वरून स्पर्श करतो, जोडवी दिसतात, पैंजणाचा जुना वळ दिसतो, आणि आपण उठतो. पाऊल हातात घेऊन उलटं करून बघायला लागले तर तिने ते झटक्याने ओढून घेतलं. "काहीतरीच काय! पोरीने पाय धरायचे?" तिच्या लाजेत खरीखुरी व्यथा होती. तळवा खरखरीत, कोरडा. घाम येणंही नसांवर अवलंबून असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. टाचेला भेगा, करंगळीखाली कुरूप, आणि त्या कुरपावर ब्लेडने तासल्याच्या खुणा. मामांच्या दाढीच्या ब्लेडने ती ते दर महिन्याला तासायची. दुखत नाही म्हणाली.

इन्सुलिनचं प्रमाण बदललं, हिरड्यांची स्वच्छता करून घेतली, आषाढात आकडा आठच्या खाली आला. डॉक्टरांनी दात काढला. जखम भरली. त्या प्रसंगाबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

भांडण आता वेगळं आहे. मावशी लग्न झाल्यापासून नवरात्राचे नऊ दिवस अनवाणी राहते. घरात, देवळात, बाजारात. डांबरी रस्त्यावर दुपारी, देवळाच्या तापलेल्या फरशीवर. मधुमेही पायाला तिथे फोड येतो आणि रात्री पाय धुवेपर्यंत पत्ता लागत नाही, असे पाय डॉक्टर दर ऑक्टोबरला बघतात म्हणे. मी तिला म्हटलं, मोजे घाल. ती म्हणाली, मोजे घातले तर ते अनवाणी कसलं? मी म्हटलं, देवीला चालेल. तर म्हणाली, "देवीचं तू मला सांगू नकोस. तुझ्या त्या लॅबवाल्या मैत्रिणीचं सांग." तेही सांगितलं. घरातही चप्पल घालायची असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून तिने घरातली एक मऊ जोडी वापरायला घेतली आहे, पण ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहते, आणि सुई, काचेचा तुकडा, सांडलेलं गरम तेल हे सगळं नेमकं उंबऱ्याच्या आत असतं. त्यावरही बोलणी सुरू आहेत. काल फोनवर तिने तिची बाजू थोडी खाली आणली: बाहेर पडताना ती काळी चप्पल, फक्त देवळाच्या पायरीपासून अनवाणी, तेही सकाळी ऊन तापायच्या आत. रात्री पाय मामांना दाखवायचे. घरात चप्पल स्वयंपाकघरापर्यंत येईल, देवघरापर्यंत नाही. "आणि अष्टमीचं काय?" मी विचारलं. अष्टमीला ती ओटी भरायला डोंगरावरच्या देवीला जाते, आणि तिथे पायऱ्या पुष्कळ आहेत.

"अष्टमीचं अष्टमीला बघू," म्हणाली. "आधी तू ये. येताना ते पायाला लावायचं क्रीम आण, मागचं संपलंय."